गिरणी कुणी खाल्ली?

आमच्या आण्णांची सूतगिरणी बंद पडली तेव्हा मी नववीत होते. गेटवर नोटीस लागली त्या दिवशी आण्णा डबा न उघडताच घरी परत आले. पुढं वर्षभर आमच्याकडं येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप हातात घेतला की म्हणायचा, "युनियननं गिरणी खाल्ली बघा." आण्णा स्वतः युनियनचे सभासद. ते खाली बघत गप्प बसायचे. मलाही ते खरंच वाटायचं. गेटवरच्या घोषणा मी कानांनी ऐकल्या होत्या, गिरणीचा ताळेबंद मात्र कधी बघितला नव्हता.

आता मी सांगलीत विश्रामबागेत एका सीएंच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते. वीस वर्षं झाली, लोकांचे ताळेबंद वाचतेय. एखादी कंपनी किंवा कारखाना बुडाला की गावात जी चर्चा चालते ती ऐकून मला अजूनही नववीतले दिवस आठवतात. म्हणून हा लेख. युनियनच्या मागण्या, वरच्या साहेबांचे पगार आणि बुडालेल्या कंपनीचा दोष, या तिन्ही गोष्टी एकमेकींत कशा अडकलेल्या असतात ते मला जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगते. माझं म्हणणं थोडक्यात असं: आवाज कुणाचा मोठा होता यावरून दोष ठरवू नका, कागदावर सही कुणाची होती ते बघा.

आधी एक हिशेब मांडू. आकडे मी मनाने घेतलेत, पण कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत काम केलेल्यांना ते ओळखीचे वाटतील. समजा एक फाउंड्री आहे, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणारा कारखाना. वर्षाची उलाढाल ६० कोटी. त्यातले ४५ कोटी पिग आयर्न (कच्चं लोखंड), भंगार, वाळू आणि विजेच्या बिलात जातात. उरले १५ कोटी. कामगार २०० आणि सरासरी पगार महिना १८,०००. म्हणजे वर्षाला ४ कोटी ३२ लाख. मालकाच्या घरातले चौघे संचालक, प्रत्येकाला महिना ५ लाख, म्हणजे वर्षाला २ कोटी ४० लाख. बँकेचं कर्ज २० कोटी, व्याज १२ टक्के, म्हणजे आणखी २ कोटी ४० लाख. बाकीचं दुरुस्ती, वाहतूक, ऑफिस आणि कर्जाच्या हप्त्यांत.

आता युनियन म्हणते, महिन्याला २,००० रुपये वाढ द्या. मालक म्हणतो, एवढी वाढ दिली तर कंपनी बुडेल. खरंच बुडेल का? २०० कामगार गुणिले २,००० गुणिले १२ महिने, म्हणजे वर्षाला ४८ लाख. रक्कम लहान नाही. पण त्याच ताळेबंदात खाली बारीक अक्षरात एक ओळ असते: 'संबंधित कंपनीस दिलेली बिनव्याजी उचल, ६ कोटी.' संबंधित कंपनी म्हणजे बहुतेक वेळा मालकाच्या मुलाची किंवा मेव्हण्याची. हे ६ कोटी फाउंड्रीनं स्वतः १२ टक्क्यांनी घेतलेल्या कर्जातून गेलेत. त्यांचं नुसतं व्याज वर्षाला ७२ लाख होतं. म्हणजे ज्या ४८ लाखांवरून गेटवर २० दिवस संप झाला, त्याच्या दीडपट रक्कम दरवर्षी एका सहीनं बाहेर जात होती आणि त्यासाठी कुणाला घोषणा द्यावी लागली नाही.

यात मालकाच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. समजा फाउंड्रीचा जवळजवळ सगळा माल एकच ट्रक बनवणारी कंपनी घेते. तिनं ऑर्डर चौथ्या हिश्शानं कमी केली तर १५ कोटींची उलाढाल जाते आणि माल-विजेचा खर्च वजा करून पावणेचार कोटींचा खड्डा पडतो. त्यापुढं युनियनची वाढही लहान आणि मेव्हण्याची उचलही लहान. कधी कधी धंदा बाजारानंच मरतो, त्यात कुणाची बेइमानी नसते. पण सगळी अंडी एकाच ग्राहकाच्या टोपलीत ठेवायची का, हा निर्णयसुद्धा वरच झालेला असतो. साचे ओतणाऱ्या माणसाला ते कुणी विचारलेलं नसतं.

दोष युनियनवर का चिकटतो, याचं कारण मला वाटतं अगदी साधं आहे. उचल पहिल्या वर्षी दिली गेली. ग्राहक तिसऱ्या वर्षी घटला. संप चौथ्या वर्षी झाला आणि पाचव्या वर्षी कुलूप लागलं. लोकांना कुलपाच्या अगदी आधीचं तेवढं आठवतं. शिवाय संप रस्त्यावर होतो, पेपरात फोटो येतो. संचालक मंडळाचा ठराव बंद खोलीत होतो आणि इतिवृत्ताच्या वहीत जातो.

सातारकरांना आणि सांगलीकरांना हे सांगायला मुंबईच्या गिरणी संपाइतकं जवळचं उदाहरण नाही. पाटण, जावळी, कोरेगाव, शिराळा या भागांतली कितीतरी घरं लालबाग-परळहून येणाऱ्या मनीऑर्डरवर उभी होती. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी काम थांबवलं. तो संप कधी रीतसर मागं घेतलाच गेला नाही. माणसं गावाकडं आली, काही महिने वाट बघितली, मग शेतावर राबायला लागली किंवा मिळेल ते काम धरलं. आजही गावात विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'सामंतांनी गिरण्या घालवल्या.'

पण तारखा लावून बघा. केंद्र सरकारनं देशभरातल्या १०३ आजारी कापड गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण १९७४ साली केलं. म्हणजे संपाच्या आठ वर्षं आधी आजार एवढा वाढला होता की त्यासाठी कायदा करावा लागला. अनेक गिरण्यांत यंत्रं जुनाट झाली होती, नफा नव्या मागांत घालण्याऐवजी दुसऱ्या धंद्यांत वळवला जात होता. दुसरीकडं भिवंडी, इचलकरंजी, आपल्याकडचं विटा अशा ठिकाणी यंत्रमाग वाढत होते. तिथं कामाचे तास लांब, मजुरी कमी आणि युनियन जवळजवळ नाही. संपानं आधीच खचलेल्या भिंतीला धक्का दिला, हे खरंच. पण भिंत खचवली कुणी, हा प्रश्न राहतो. पुढं १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनी विकसित करायला वाट करून दिली. त्यात जमिनीचा एक हिस्सा महापालिकेला आणि एक म्हाडाला द्यायचा होता. २००१ च्या दुरुस्तीनं हा हिस्सा फक्त मोकळ्या जागेपुरता राहिला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती वैध ठरवली. कापडापेक्षा जमीन महाग झाली की गिरणी चालवण्यात मालकाला किती रस उरेल, याचा विचार ज्याचा त्यानं करावा.

आणखी एक गोष्ट या संपाबद्दल क्वचित सांगितली जाते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार गिरण्यांत बोलणी करायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता आणि ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता, तरी तिला बाजूला करून दुसऱ्याला बोलायला बसवायची सोपी वाट नव्हती. म्हणून तो कायदा रद्द करा ही पगारवाढीइतकीच मोठी मागणी होती. बोलायला माणूस आपल्या पसंतीचा नसेल तर राग रस्त्यावर येतो. हे मी सामंतांच्या बचावासाठी सांगत नाही. एवढी माणसं संपात उतरवल्यावर परत यायची वाट तयार ठेवणं ही नेत्याची जबाबदारी होती, आणि ती वाट नव्हती. त्याची किंमत पाटणच्या घरांनी मोजली.

आता साहेबांच्या पगाराकडं येऊ. आपल्याकडं यावर बोलायला लोक बिचकतात. 'त्यांचं डोकं आहे, त्यांना मिळणारच,' असं म्हणून सोडून देतात. डोक्याचे पैसे मिळावेत, याला माझी हरकत नाही. पण कायदा काय म्हणतो ते तरी माहीत हवं. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १९७ नुसार पब्लिक लिमिटेड कंपनीनं संचालक आणि व्यवस्थापकांना मिळून वर्षाच्या निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांपर्यंत मोबदला द्यावा. एकच व्यवस्थापकीय संचालक असेल तर त्याला ५ टक्के. भागधारकांनी विशेष ठराव केला तर ही मर्यादा ओलांडता येते. आधी त्यासाठी केंद्र सरकारची परवानगी लागायची, ती अट २०१८ मध्ये गेली. कंपनीनं बँकेचे हप्ते थकवले असतील तर मात्र बँकेची संमती आधी घ्यावी लागते.

नफाच नसेल तर? त्यासाठी कायद्याला अनुसूची पाच जोडलेली आहे. कंपनीचं परिणामकारक भांडवल (ढोबळमानानं भागभांडवल, राखीव निधी आणि लांब मुदतीची कर्जं यांतून साठलेला तोटा आणि गुंतवणुका वजा करून उरते ती रक्कम) ५ ते १०० कोटींच्या दरम्यान असेल तर तोट्यातही एका व्यवस्थापकीय व्यक्तीला वर्षाला ८४ लाखांपर्यंत देता येतात, आणि विशेष ठरावानं त्याहून जास्त. म्हणजे तोट्याच्या वर्षी कामगाराचा बोनस किमान ८.३३ टक्क्यांवर येऊन थांबतो आणि साहेबाचा पगार कायद्याच्या चौकटीत राहूनच चालू राहतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला तर ही मर्यादा लागूच नाही. आपल्या एमआयडीसीतल्या बहुतेक कंपन्या प्रायव्हेट लिमिटेड आहेत. माझ्या उदाहरणातल्या फाउंड्रीचे चौघे संचालक ५ लाखांऐवजी १० लाख घेते तरी कलम १९७ त्यांना अडवत नाही.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला एक बंधन आहे आणि ते सामान्य माणसाच्या फार उपयोगाचं आहे. वार्षिक अहवालात प्रत्येक संचालकाचा मोबदला मध्यम कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे, ते छापावं लागतं. मध्यम कर्मचारी म्हणजे कोण? सगळ्या कर्मचाऱ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं करा, बरोबर मधोमध येईल तो. ही पट कुठं २० असते, कुठं शेकड्यांत जाते. नुसत्या आकड्यावरून कंपनी चांगली की वाईट ते ठरत नाही. पण तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा. नफा घसरतोय आणि पट चढतेय असं दिसलं तर ती कंपनी कुणासाठी चालवली जातेय, हे कळायला जास्त शिकावं लागत नाही.

साहेबांचा पगार फुगतो तो बहुतेक वेळा चोरीनं नव्हे, तुलनेनं. मोबदला ठरवणारी समिती दुसऱ्या कंपन्यांत काय देतात ते मागवते. आपला साहेब सरासरीपेक्षा खालचा आहे असं कुठल्याच समितीला म्हणायचं नसतं, म्हणून प्रत्येक जण त्याला सरासरीच्या वर ठेवतो. सगळ्यांनी असं केलं की सरासरीच वर सरकते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. बोनस एका वर्षाच्या नफ्यावर बांधला असेल तर साहेब यंत्राची दुरुस्ती पुढं ढकलतो, भट्टीचं अस्तर आणखी सहा महिने चालवतो. त्या वर्षी नफा दिसतो, बोनस मिळतो. अस्तर फुटतं तेव्हा तो दुसऱ्या कंपनीत असतो आणि भट्टीसमोर उभा असतो तो कामगार.

परदेशातलं एक उदाहरण यात फार बोलकं आहे. अमेरिकेत 'ट्विंकी' नावाचा क्रीम भरलेला केक करणारी होस्टेस नावाची जुनी कंपनी होती. २००४ ते २००९ ती दिवाळखोरी प्रक्रियेत होती, बाहेर आली तेव्हाही डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. २०११ मध्ये तिनं कामगारांच्या पेन्शन फंडात भरायचे पैसे भरणं थांबवलं. जानेवारी २०१२ मध्ये ती पुन्हा दिवाळखोरीत गेली आणि त्याच्या आधीच्या महिन्यांत वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार वाढवले गेल्याचा आक्षेप खुद्द घेणेकऱ्यांनी घेतला. मग कामगारांना सांगण्यात आलं, पगारकपात मान्य करा. ट्रकचालकांच्या युनियननं ती मान्य केली. बेकरी कामगारांच्या युनियननं नाकारली, कारण याआधीही त्यांनी कपात सोसली होती आणि हातात काही आलं नव्हतं. ९ नोव्हेंबर २०१२ ला त्यांनी संप केला. आठवड्याभरात कंपनीनं कायमचं कुलूप लावणार असं जाहीर केलं आणि सुमारे १८,५०० लोकांच्या नोकऱ्या गेल्या. 'युनियननं ट्विंकी मारला' असे मथळे आले. त्याच महिन्याच्या अखेरीस न्यायालयानं कंपनी गुंडाळण्यासाठी १९ अधिकाऱ्यांना मिळून १८ लाख डॉलरपर्यंतचे बोनस मंजूर केले.

ट्विंकी मात्र मेला नाही. ४१ कोटी डॉलरला तो ब्रँड दुसऱ्यांनी घेतला, कमी कामगारांत आणि सुरुवातीला युनियनशिवाय चालवला. २०२३ मध्ये ती कंपनी कर्जासकट सुमारे ५६० कोटी डॉलरला विकली गेली. केकमध्ये दम होता, हे तर यातून दिसतंच. युनियनविरोधी मंडळी म्हणतील, बघा, युनियन गेली आणि कंपनी सुधारली. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. जुने करार खरंच जड होते, वाहतुकीचे काही नियम विचित्र होते. पण नव्या मालकाला मिळालेली सगळ्यात मोठी सवलत जुन्या कर्जातून सुटकेची होती, आणि ते कर्ज बेकरीवाल्यांनी घेतलेलं नव्हतं.

आपल्याकडचीच दोन नावं आठवा. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीत जानेवारी २००९ ला खोट्या हिशेबांची कबुली आली, तिथं संप नव्हता. किंगफिशर एअरलाइन्सची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली तेव्हा कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते आणि काम थांबलं ते त्यामुळंच. युनियन नसतानाही कंपन्या बुडतात, कधी कधी जास्त शांतपणे बुडतात.

बुडाल्यावर पैसे कुणाला आधी मिळतात, हा भाग प्रत्येक कामगारानं समजून घ्यावा असा आहे. २०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेत कंपनी विकून आलेल्या पैशाची रांग ठरलेली आहे. सगळ्यात पुढं त्या प्रक्रियेचा खर्च, म्हणजे लिक्विडेटर (मालमत्ता विकून देणी भागवायला नेमलेला माणूस), वकील, सुरक्षारक्षक. त्यानंतर दोघं जण एकाच पायरीवर: कामगारांची शेवटच्या २४ महिन्यांची थकबाकी आणि तारण स्वतः न विकता या सामायिक विक्रीत सोडून दिलेल्या बँका. त्याखाली सुपरवायझर, अधिकारी अशा इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे पगार. मग बिनतारणी कर्ज देणारे, मग सरकारी देणी, आणि शेवटी भागधारक. एकाच पायरीवर असणं म्हणजे पैसे कमी पडले तर दोघांनाही सारख्या प्रमाणात कमी. २४ महिन्यांपलीकडची थकबाकी बरीच खाली ढकलली जाते. म्हणून तीन-तीन वर्षं 'देतो देतो' ऐकत बसणं महागात पडतं.

पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या फंडाची गोष्ट वेगळी आहे. संहितेच्या कलम ३६ नुसार तो पैसा विकायच्या मालमत्तेत धरलाच जात नाही. जेट एअरवेजची विमानं एप्रिल २०१९ मध्ये थांबली. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या संघटना पीएफ आणि ग्रॅच्युइटीसाठी भांडल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनी प्रकरणांच्या अपील न्यायाधिकरणानं ही देणी द्यावीच लागतील असं सांगितलं आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात बदल करायला नकार दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी अखेर अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळायला निघाली. म्हणजे निकाल जिंकूनही पैसा हातात पडेपर्यंतची वाट लांबच राहिली. तरी तो हक्क कागदावर पक्का झाला, आणि तो एकट्यादुकट्यानं झाला नसता.

इथंच युनियनचा असा एक उपयोग आहे ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. दिवाळखोरीचा अर्ज करायला किमान १ कोटीची थकबाकी लागते. कुठल्या एका फिटरचे १ कोटी थकणार? पण २०१९ मध्ये एका ज्यूट गिरणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नोंदणीकृत युनियन आपल्या सभासदांच्या वतीनं असा अर्ज करू शकते. शंभर जणांचे एकेक लाख एकत्र आले की दार उघडतं. युनियन नोंदवायला किमान ७ जण लागतात, शिवाय त्या ठिकाणच्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० यांतली जी संख्या कमी असेल तेवढे सभासद हवेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हेच आहे. ५१ टक्के सभासद असलेल्या युनियनला बोलणी करायचा एकमेव हक्क मिळतो, ही त्यातली नवी गोष्ट. आणि कारखाना बंद करण्याआधी सरकारची परवानगी घ्यायची अट आता ३०० कामगारांपासून पुढं लागते, आधी ती १०० पासून होती. लहान कारखान्याला त्यामुळं मोकळीक मिळाली. तिथल्या कामगाराला नोटीस वाचायला कमी वेळ मिळणार, हेही तितकंच खरं.

सहकारी साखर कारखाने आणि सहकारी सूतगिरण्या दिवाळखोरीच्या या रांगेतून बाहेर आहेत. त्या कंपन्या नाहीत, सहकारी संस्था आहेत, त्यांना दिवाळखोरी संहिता लागू होत नाही. तिथं चेअरमनचं मानधन कागदावर किरकोळ असतं. म्हणून 'आमचा चेअरमन पगार घेत नाही' हे वाक्य मी ऐकते तेव्हा खरेदीच्या फायली मागते. मशिनरी कुणाकडून घेतली, तोडणी-वाहतुकीचे अॅडव्हान्स कुणाच्या नावावर आहेत, मळी आणि बगॅस (उसाचा चोथा) कुठल्या दरानं कुणाला गेलं. सहकारात पैसा पगाराच्या दारानं क्वचितच बाहेर पडतो. शेतकऱ्याच्या एफआरपीसाठी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर) १४ दिवसांची मुदत आणि उशिरावर १५ टक्के व्याज अशी तरतूद आहे, साखर आयुक्त जप्तीचा आदेश काढू शकतात. कामगाराच्या थकलेल्या पगारामागं एवढा जोर लागताना दिसत नाही. ऊस बिलासाठी गाव रस्त्यावर येतं, कामगाराच्या पगारासाठी फक्त कामगार. संचालकांच्या निर्णयानं संस्थेचं नुकसान झालं असेल तर सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली चौकशी होऊन ते त्यांच्याकडून वसूल करता येतं. या चौकशा वर्षानुवर्षं चालतात. अपील, स्थगिती, पुन्हा अपील. दोष ठरेपर्यंत दोषी माणूस पुन्हा निवडून आलेला असतो.

आता आण्णांच्या गिरणीबद्दल. नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी मी त्या गिरणीचे जुने लेखापरीक्षण अहवाल एका ओळखीच्या सभासदाकडून मिळवले. रात्री जेवणं झाल्यावर आण्णांना समोर बसवून एकेक पान वाचलं. युनियनची चूक तिथं दिसत होती. नव्या रिंगफ्रेम (सूत कातायची यंत्रं) आणायचं घाटत होतं तेव्हा कामगार कमी होतील म्हणून युनियननं दीड वर्ष विरोध केला होता. दोन गटांत गेटवर मारामारी झाली होती, बदली कामगारांना दोन्ही गटांनी आपलं मानलं नव्हतं. आण्णांनी मान हलवली. "ते चुकलंच आमचं," म्हणाले.

पण पुढच्या पानावर दुसरी ओळ होती. 'यंत्रसामग्रीसाठी पुरवठादारास आगाऊ रक्कम.' पुढच्या वर्षी तीच ओळ. त्याच्या पुढच्या वर्षी तीच, शेजारी लेखापरीक्षकाचा शेरा, 'वसुली संशयास्पद.' पाच वर्षं ती रक्कम तिथंच होती. ज्या यंत्रांना युनियननं विरोध केला, त्यांचे पैसे त्या विरोधाच्या आधीच निघून गेले होते आणि यंत्रं आली नाहीत ती नाहीतच. शिवाय भाव चढलेला असताना कापसाची मोठी खरेदी झाली होती. चूक दोन्हीकडं होती, पण ती सारख्या वजनाची नव्हती. आण्णा बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "हे आम्हाला तेव्हा कुणी दाखवलं असतं तर."

आण्णांची ग्रॅच्युइटी ४९,५०० रुपये होत होती. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३,९००, त्याला २६ नं भागून १५ नं गुणायचं, म्हणजे २,२५०, आणि सेवा २२ वर्षं. ती अजून मिळालेली नाही.

तेव्हा कुणी दाखवलं नाही, आता बरंच काही स्वतः बघता येतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरले की कुठल्याही कंपनीचे दाखल झालेले ताळेबंद आणि कर्जाचे बोजे बघायला मिळतात. सहकारी संस्थेचा अहवाल सभासदाला वार्षिक सभेआधी मिळायलाच हवा, तो रद्दीत टाकू नका, शेवटची टिपणांची पानं आधी वाचा. लेखापरीक्षकानं मुदतीआधी राजीनामा दिला असेल, संबंधित कंपन्यांकडची येणी वाढत असतील, तर पगारवाढीच्या मागणीआधी त्याबद्दल विचारा. आणि सगळ्यात सोपी खूण पीएफची. पगारातून कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा व्हायला हवी. कापून जमा न करणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे. माझ्या अनुभवात बुडणाऱ्या कंपनीचं पहिलं छिद्र बहुतेक वेळा इथंच सापडतं, कारण मालकाला हा पैसा सगळ्यात सहज वापरता येतो आणि कामगार सहसा तपासत नाही.

मागच्या महिन्यात कुपवाडच्या एका कारखान्यातला तिशीतला मुलगा ऑफिसात आला होता. त्याला गृहकर्जासाठी कागद हवे होते. मी त्याचं पीएफ पासबुक उघडलं. सॅलरी स्लिपवर पाच महिने कपात दिसत होती, पासबुकात त्या पाच महिन्यांत काहीच नव्हतं. त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवून तीन वेळा बघितले. "ताई, आमच्याकडं साठ माणसं आहेत, सगळ्यांचं असंच असेल?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, बहुतेक. कुणाचे नंबर माहीत असतील तर इथंच बघू. त्यानं बाहेर जाऊन फोन लावले. संध्याकाळी सातच्या सुमारास सहा जण पाळी सुटल्यावर थेट आले, हातावर ग्राइंडिंगची काळी धूळ तशीच. एकेकाचं पासबुक मी प्रिंटरवर काढत गेले. त्यांनी सात सह्या एकाच कोऱ्या कागदावर खाली केल्या आणि वरचा मजकूर काय लिहायचा ते मला विचारलं.